क्लास

माझा बाप क्लास फोर होता. एका सरकारी कचेरीत शिपाई. मला एबीसीडी यायच्या आधी 'क्लास' हा शब्द येत होता, कारण घरात तो रोज जेवायला बसायचा. क्लास वन साहेबाची बॅग, क्लास टू साहेबाच्या घरचं दळण, क्लास थ्री बाबूचा चहा. शाळेत गेलो तर तिथं क्लास म्हंजे वर्ग. कॉलेजातली पोरं आवडत्या सिनेमाला म्हणायची, "एकदम क्लास!" आणि पुढं एका साहित्यचर्चेत एक प्राध्यापक मला म्हणाले, तुमच्या लेखनात वेदना आहे हो, पण ते क्लासिक नाही. अभिजात नाही.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागं लागलो. मित्रांनो, शब्दालाही वंशावळ असते. ती उकरली पाहिजे.

मूळ शब्द लॅटिन, 'क्लासिस'. लॅटिनमध्ये त्याचा एक अर्थ आरमार. पण आपल्या कामाचा अर्थ वेगळा. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सर्व्हिअस तुल्लिअस राजानं नागरिकांची मोजदाद केली आणि मालमत्तेनुसार त्यांचे पाच क्लासिस पाडले. (ही सगळी रचना एका राजाची नाही, ती नंतरच्या काळात घडत गेली असं आजचे अभ्यासक मानतात.) 'अ‍ॅस' नावाच्या नाण्यात एक लाखाची मालमत्ता असेल तो पहिल्या क्लासिसात. अकरा हजारवाला पाचव्यात. त्याच्याही खाली जो उरला, त्याला क्लासिसच नाही. त्याचं नाव 'प्रोलेटारिअस'. 'प्रोलेस' म्हंजे पोरंबाळं. राज्याला द्यायला ज्याच्याकडं पोरांशिवाय काही नाही, तो.

आता मतदान कसं चालायचं ते बघा. एकूण १९३ गट, एका गटाचं एक मत. घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या क्लासिसचे ८०, हे झाले ९८. म्हंजे वरच्यांचंच बहुमत. मतं वरून घ्यायला सुरुवात व्हायची आणि बहुमत झालं की मतदान बंद. खालच्यांची पाळी यायचीच असं नाही. आणि सगळ्या प्रोलेटारिअसांना मिळून गट किती? एक. हजारो माणसं आणि एक मत. आपल्याला हे हिशेब समजावून सांगावे लागत नाहीत.

हा शब्द साहित्यात शिरला तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. औलस जेलिअस नावाच्या लेखकानं 'अ‍ॅटिक रात्री' या ग्रंथात एक बैठक लिहून ठेवली आहे. चर्चा कशाची, तर वाळू हा शब्द अनेकवचनात चालतो का! फ्रोंटो हा मोठा वक्ता तिथं सांगतो की जुन्या लेखकांत बघा, पण लेखक कसा, तर 'क्लासिकस', पहिल्या क्लासिसातला, 'प्रोलेटारिअस' नको. जेलिअसच दुसऱ्या ठिकाणी नोंदवतो की क्लासिकस म्हणायचं ते फक्त पहिल्या क्लासिसवाल्यांना. बाकीचे सगळे 'क्लासिसच्या खालचे'.

म्हंजे ज्या शब्दानं आजवर पुस्तकं तोलली गेली, तो आला कराच्या वहीतून. आणि ज्या वाक्यात क्लासिक लेखक पहिल्यांदा जन्मला, त्याच वाक्यात त्याच्यासमोर कंगाल उभा केला होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १५४८ साली पॅरिसमध्ये थॉमा सेबिये यानं चांगल्या फ्रेंच कवींना 'क्लासिक' म्हटलं. पुढं ग्रीक आणि लॅटिन म्हंजेच 'क्लासिकल' असा अर्थ युरोपात रुजला. वंशावळ अगदी विसरली गेली होती असं नाही. १८५० साली साँत-बव्ह या फ्रेंच समीक्षकानं क्लासिक कशाला म्हणावं यावर लिहिताना रोमचे ते क्लासिस आठवून दिले होते. दोनच वर्षं आधी, १८४८ साली, मार्क्स-एंगल्सच्या जाहीरनाम्यात क्लासिसच्या खालचा तो प्रोलेटारिअस 'प्रोलेटारिएट' होऊन उभा राहिला होता. त्या दोघांची गाठ मात्र समीक्षेच्या वर्गात कुणी आम्हाला घालून दिली नाही.

आपल्याकडं इंग्रजांबरोबर 'क्लास' आला आणि जातीवर पांघरूण म्हणून वापरला गेला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत संस्था काढली तिच्या नावात 'डिप्रेस्ड क्लासेस'. क्लास कसला? ती तर जात होती. १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबियात निबंध वाचला, त्यात फोड केली: जात म्हंजे दारं बंद केलेला वर्ग. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' असं उघड नाव आलं. राज्यघटनेत पुन्हा 'बॅकवर्ड क्लास' आहेच, आणि कचेरीच्या मराठीत आपण 'मागासवर्गीय'.

पण खरी गंमत 'क्लासिक'च्या मराठी भाषांतरात आहे. रोममध्ये दर पाच वर्षांनी मोजदाद व्हायची. पैसा कमावला तर माणूस वर सरकू शकत होता, बुडाला तर खाली. आपल्या पंडितांनी शब्द निवडला 'अभिजात'. अभिजात म्हंजे चांगल्या कुळात जन्मलेला. रोमनांनी पैशावर उभा केलेला शब्द आपल्याकडं जन्मावर आला. पैसा नाहीसा झाला आणि दार बंद झालं. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत घेता आलं नाही, फारसी घ्यावं लागलं, ते याच दाराशी. नंतर ते संस्कृत शिकले, तो भाग वेगळा.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. आमच्या वस्तीतल्या पोरांनी पालीसाठी पेढे वाटले, मीही खाल्ला. बाप पेन्शनीत निघून बरीच वर्षं झालीत. टीव्ही बघत होता. म्हणाला, "क्लासिकल म्हंजे कितवा क्लास रं?"

"पहिला," मी म्हटलं.

"मंग आपली बोली?"

मी त्याला जेलिअसची ती बैठक सांगायला बसलो. वाळूपाशी आलो तेव्हा तो हसायला लागला.