उचल आणि ठेव

वृद्धापकाळाची तरतूद हा विषय आपल्याकडे बहुधा उपदेशाचा समजला जातो. ‘चार पैसे गांठीशीं ठेवा’ एवढें सांगितलें, कीं शहाण्या माणसास आपलें कर्तव्य संपलें असें वाटतें. परंतु मनुष्याच्या हातून संचय होणें वा न होणें हें केवळ त्याच्या स्वभावावर अवलंबून नसतें. मालक व नोकर यांपैकीं कोण कोणाचें देणें लागतो, यावर तें पुष्कळसें ठरतें. ठाणें जिल्ह्यांतील आसनगांव व त्याभोंवतालचा शहापूर-मुरबाडचा मुलूख यांच्या इतिहासांत ही गोष्ट स्पष्ट दिसून येते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी १८६० सालीं आसनगांवास पोंचली, १८६१ सालीं कसाऱ्यास, आणि थळघाट चढून इगतपुरीस गेली ती १८६५ सालीं. भाताचें पीक आणि जंगल यांवर जगणाऱ्या ह्या मुलखांत तिनें आणलेली एक वस्तु फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ती म्हणजे दरमहाचा बांधलेला पगार. शेतकऱ्याचें उत्पन्न वर्षांतून एकदां येई, आणि तें खळ्यावर येण्याआधींच सावकाराच्या वहींत त्याची वांटणी झालेली असे. पगाराची गोष्ट निराळी. तो हातीं पडण्यापूर्वींच त्यांतील कांहीं अंश राखून ठेवतां येतो. प्रॉव्हिडंट फंडाची, म्हणजे भविष्यनिर्वाहनिधीची, सगळी इमारत ह्या साध्या सोयीवर उभी आहे.

तथापि राखलेला पैसा सुरक्षित नसेल तर तो राखून उपयोग काय? १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले, आणि १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला. तरी शेतकऱ्याच्या मालमत्तेवरील धनकोची नजर कांहीं हटली नाहीं. नोकरदारांच्या निधीस मात्र कायद्यानें कुंपण घातलें. अशा निधींविषयीं १८९७ सालीं एक कायदा झाला होता. पुढें १९२५ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, सरकारी व रेल्वेच्या निधींतील सक्तीची ठेव कोणास गहाण लिहून देतां येणार नाहीं, आणि कर्जासाठीं कोणत्याहि कोर्टाच्या हुकुमानें तिजवर जप्ती येणार नाहीं. फंडाचा सभासद असलेला रेल्वेचा नोकर कितीहि कर्जबाजारी झाला, तरी त्याच्या ह्या ठेवीस सावकार शिवूं शकत नसे.

खाजगी कारखान्यांत ही सोय बराच काळ मालकाच्या मर्जीवर होती. जमशेटजी टाटांनीं नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्यें १८८६ सालीं पेन्शन फंड काढला. परंतु सर्वच मालक टाटा नव्हते. १९५१ सालीं वटहुकूम निघाला, १९५२ सालीं कायदा झाला, आणि कापड, लोखंड-पोलाद, सिमेंट, कागद, सिगारेट व इंजिनियरिंग ह्या सहा धंद्यांत वेतनाचे सव्वासहा टक्के कामगारानें व तितकेच मालकानें भरावेत असें ठरलें. मालक आतां कायद्यानें कामगाराच्या म्हातारपणाचा देणेदार झाला.

आतां याच जिल्ह्याची दुसरी वही उघडूं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराच्या सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालांत लग्नगड्यांची हकीगत आहे. लग्नासाठीं मालकाकडून कर्ज काढावयाचें आणि तें फिटेपर्यंत त्याच्याकडे राबावयाचें, अशी ही रीत. १९४५ सालीं उंबरगांव-डहाणूकडील वारल्यांनीं अशा वेठीविरुद्ध उठाव केला, आणि १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी देशभर रद्द झाली. परंतु शहापूर-मुरबाडकडील कातकरी कुटुंबें पावसाळ्यांतील घरखर्चासाठीं ‘उचल’ घेतात व पुढें वीटभट्टीवर राबून ती फेडतात, हा क्रम अजून संपलेला नाहीं. हंगामाअखेर हिशेब झाला, कीं पुष्कळदां बाकी मजुराकडेच निघते.

२०१९ सालीं सरकारनें असंघटित श्रमिकांसाठीं पेन्शनची योजना काढली. मजुरानें वयाप्रमाणें दरमहा ५५ ते २०० रुपये भरावेत, तितकेच सरकारनें घालावेत, आणि साठीनंतर त्यास दरमहा ३,००० रुपये मिळावेत, असें तिचें स्वरूप. हेतु चांगला आहे. पण ज्याचें वर्षच ऋणांत सुरू होतें, त्यानें ही वर्गणी कोणत्या शिलकेंतून काढावी?

आपल्या पांढरपेशा वर्गांत जुन्या-नव्या पेन्शनचा वाद बराच गाजला आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या महाराष्ट्राच्या सरकारी नोकरांस ठरीव निवृत्तिवेतनाऐवजीं बाजाराच्या चढउतारावर अवलंबून असलेला निधि मिळूं लागला, आणि त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्यें कर्मचाऱ्यांनीं संप केला. त्यांची चिंता खोटी नव्हे. परंतु त्यांचा प्रश्न ठेवीचें फळ निश्चित कसें मिळेल, हा आहे. भट्टीवरच्या मजुराचा प्रश्न ठेव मुळांत व्हावी कशी, हा आहे.

१९२५ च्या कायद्यापासून घेण्यासारखा बोध इतकाच, कीं संचय व्हावयाचा तर आधीं धनकोचा हात रोखावा लागतो. रेल्वेच्या नोकराचा मालक एक व सावकार दुसरा, म्हणून कायद्यास दोघांच्या मध्यें उभें राहतां आलें. भट्टीवर मालक व सावकार एकच असतो. तेव्हां उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हातीं पडावा, आणि त्याच्या मजुरींतील ठरावीक भागास उचलीच्या फेडीसाठीं कोणास हात लावतां येऊं नये, एवढें तरी प्रथम साधलें पाहिजे. काटकसरीचा उपदेश त्यानंतर करावा.