कुळाचा शोध : शासकीय दप्तरांतून पूर्वजांची नावे कशी मिळवावीत

॥ श्री ॥



दरवर्षी सर्वपित्री अमावास्येस तर्पणासाठी मंडळी बसतात, तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. पुरोहित पित्याचे नाव विचारतात, ते तत्काळ सांगितले जाते. पितामहाचे नाव थोड्या विचाराने सांगितले जाते. प्रपितामहाच्या नावापाशी अनेकांची जीभ अडते, आणि प्रपितामहीचे नाव विचारले असता शेजारच्या वडीलधाऱ्यांकडे पाहिले जाते. तेही मान हलवितात. याविषयी कार्यालयाकडे वरचेवर विचारणा होते. कोणास कुलाचारासाठी नावे हवी असतात, कोणास शेताच्या वारसासाठी, तर कोणास मुलांच्या दाखल्यासाठी. भाविकांबरोबर निरनिराळ्या कचेऱ्यांत जाऊन आम्हांस जे कळले, ते येथे एकत्र देत आहोत.

चिंताकी व परिसरातील कुटुंबांचे कागद एका ठिकाणी का सापडत नाहीत, हे आधी समजून घ्यावे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यानंतर काही वर्षे हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुना बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद व आपला औराद हे तालुके म्हैसूर राज्यात आले, ज्याचे १९७३ साली कर्नाटक असे नामकरण झाले. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले. ते प्रथम उस्मानाबाद जिल्ह्यात होते व १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड, जहिराबादचा बहुतेक भाग व न्याळकल मंडळ आंध्र प्रदेशात गेले. ते आज तेलंगणात आहेत. जुन्या कागदांत आपला तालुका संतपूर या नावानेही आढळतो, हे शोध घेणाऱ्याने विसरू नये.

आपला रोटीबेटी व्यवहार मात्र या सीमांनी थांबला नाही. ज्या घरातील आजी उदगीरकडची, सून देगलूरची व लेक नारायणखेडला दिलेली, त्या घराचा कागद तीन राज्यांत आणि उर्दू, मोडी, कन्नड, तेलुगू व देवनागरी अशा पाच लिप्यांत विखुरलेला असतो.

जनगणनेविषयीचा गैरसमज

परगावी शिकलेली आपली मुले बहुधा प्रथम जनगणनेविषयी विचारतात. इंग्लंडात जनगणनेची मूळ पाने शंभर वर्षांनी व अमेरिकेत बहात्तर वर्षांनी खुली होतात. अमेरिकेची १९५० सालची पाने २०२२ साली खुली झाली आणि तेथील लोक आपल्या आजोबांचे घर, वय व धंदा घरबसल्या पाहू लागले. तसे आपल्याकडे नाही. हैदराबाद संस्थानात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली, तिचे छापील अहवाल ग्रंथालयांत मिळतात व ते वाचनीयही आहेत. परंतु त्यांत लोकसंख्या, धर्म, जाती व धंदे यांचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने व्यक्तीविषयीची माहिती गुप्त ठरविली. ती कोणास पाहता येत नाही व पुरावा म्हणूनही चालत नाही. तेव्हा जनगणना कार्यालयास अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

एक अपवाद आहे. १९५१ च्या जनगणनेबरोबर गावोगाव नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यात आले होते व त्यात घरवार माणसांची नावे लिहिली गेली. महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधताना जे अभिलेख तपासले जातात, त्यांत हे रजिस्टर आहे. आपल्याकडेही तालुका कचेरीत त्याची चौकशी अवश्य करावी.

कुणबी नोंदींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तर पुन्हा उघडले गेले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरविषयी शासन निर्णय निघाला. त्यानंतर सीमेच्या अलीकडील काही भाविकांनी गॅझेटियरात आपल्या आजोबांचे नाव पाहून देण्याची विनंती आम्हांस केली. गॅझेटियरातही जनगणनेप्रमाणे आकडेच आहेत. शिवाय महाराष्ट्राचा तो निर्णय कर्नाटकातील रहिवाशांस लागू होत नाही. मात्र पलीकडील सोयऱ्यांना त्यासाठी मिळालेला जुना कागद आपल्याही घराण्याचा असू शकतो, म्हणून त्याची एक प्रत मागून घ्यावी.

जन्म-मृत्यूची नोंद

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १९७० पासून अमलात आला. त्यापुढील मृत्यूची तारीख हवी असल्यास गावचे लेखापाल, म्हणजे आताचे ग्राम आडळिताधिकारी, किंवा तहसील कचेरी येथे शोध घ्यावा. कायद्याच्या कलम १७ नुसार फी भरून कोणासही नोंदीचा शोध घेता येतो व उतारा मिळतो. मृत्यूचे कारण तेवढे त्यात दिले जात नाही. नोंद न सापडल्यास तसा लेखी दाखला मागावा. पुष्कळ जण रिकाम्या हाताने परत येतात. परंतु पुढे उशिरा नोंद करावयाची झाल्यास प्रथम हाच दाखला लागतो. एक वर्षाहून जुन्या घटनेच्या नोंदीसाठी पूर्वी न्यायालयाचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी अथवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो.

१९७० पूर्वीच्या नोंदी तुटक आहेत. त्या काळी गावाचा कारभार माली पाटील, पोलीस पाटील व पटवारी यांच्या हाती असे. कर्नाटकात ही वतनी पदे १ फेब्रुवारी १९६३ पासून रद्द झाली. काही दप्तर कचेरीत जमा झाले, काही त्यांच्या वाड्यांतच राहिले. अशा घरांत गेल्यास नम्रतेने जावे व मूळ कागद मागू नये, पाहावयास मागावा.

शाळेचे दाखल-खारिज रजिस्टरही उपयोगी आहे. त्यात बापाचे नाव, गाव व बहुधा जात असते. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही तारीख ज्यांच्या नावापुढे आहे, असे निम्मे गाव निघेल.

नावे प्रत्यक्षात सापडतात ती जमिनीच्या कागदांत

आमचा अनुभव असा की, ज्या घराकडे कधीकाळी एक बिघा तरी जमीन होती, त्या घराच्या तीन-चार पिढ्या महसुली दप्तरांतून निघतात. आजच्या पहाणी उताऱ्यावरील सर्व्हे नंबर घ्यावा व मागे मागे जावे. प्रथम फेरफार, त्यामागे हाताने लिहिलेल्या पहाण्या, त्यामागे १९५४-५५ चे खासरा पत्रक, आणि त्याहून मागे निजामकालीन बंदोबस्ताचे सेतवार व वसूलबाकी. खासरा पत्रकापाशी विशेष थांबावे. संस्थान गेल्यानंतर जमिनीचा मालक कोण व प्रत्यक्ष कसणारा कोण, हे गावोगाव लिहिले गेले ते याच कागदात. कर्नाटक शासनाने २०२४ पासून भू-सुरक्षा योजनेखाली तालुक्यांतील जुनी दप्तरे स्कॅन करण्यास घेतली आहेत. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी औराद येथे त्याची चौकशी करावी.

गाव जहागिरीचे असल्यास १९४९ पूर्वीचा कागद जहागीरदाराच्या दप्तरात होता. जहागिरी १५ ऑगस्ट १९४९ च्या कायद्याने खालसा झाल्या. त्या कायद्यावर १३५८ फसली असे साल आहे, आणि येथेच अनेकांचा घोटाळा होतो. निजामी फसली वर्ष आझूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० व पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळविले की इसवी सन येतो. महिने क्रमाने आझूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर व आबान. शहरेवर १३४३ फसली म्हणजे जुलै १९३४.

नावे वाचतानाही सावध असावे. जुन्या कागदांत आडनाव क्वचित असते. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची पत्नी, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकिन’ म्हणजे राहणार. मोडी कागदांत ‘वल्द’ऐवजी ‘बिन’ येते. कन्नड पहाणीत बापासाठी ‘तंदे’ व पतीसाठी ‘गंड’. उर्दू कागदातील ‘कौम’ म्हणजे जात, आणि मराठी महसुली कागदातील ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. एका भाविकांनी या दोहोंची अदलाबदल करून पणजीचे नाव जातीच्या रकान्यात लिहून आणले होते! उर्दू लिपीत ‘ळ’ व ‘ण’ नाहीत, त्यामुळे बाळाचा बाला होतो. त्यावरून कन्नडात व पुढे संगणकात नाव उतरले की एकाच माणसाची तीन नावे होतात. म्हणून केवळ नावावरून निर्णय न करता सर्व्हे नंबर, बापाचे नाव व गाव ही तिन्ही जुळल्याशिवाय तो आपला पूर्वज मानू नये.

स्त्रियांची नावे

सर्वांत अवघड शोध हाच. पट्टा पुरुषाच्या नावे, कर पुरुषाच्या नावे, पंचातील सही पुरुषाची. त्यातच आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. त्यामुळे माहेरचे व सासरचे असे दोन शोध घ्यावे लागतात. तिचे नाव कागदावर येते ते बहुधा पती वारल्यावर, वारसा मंजूर करताना.

आमच्या पाहण्यातील एक घर येथे सांगण्याजोगे आहे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून गेलेल्या या कुटुंबास पणजीचे नाव कोणीच सांगू शकत नव्हते. सर्व जण तिला ‘थोरली’ म्हणत. एका कचेरीतून दुसरीकडे, तेथून परत पहिलीकडे, असे सात महिने गेले. शेवटी पणजोबांच्या पट्ट्याच्या विरासतीचा एक उर्दू कागद मिळाला. मुलगा नाबालिग असल्याने आईस त्याची वली नेमले होते आणि तेथे तिचे नाव पूर्ण लिहिलेले होते, खाली अंगठा. त्या वर्षी तर्पणात ते नाव प्रथमच उच्चारले गेले. त्या घरातील वृद्ध आत्याबाईंनी ते दोनदा म्हणवून घेतले, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

म्हणून पणजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार वा विरासत हा कागद सर्वप्रथम मागावा. विधवेस जमीन मिळाली असेल किंवा मुले लहान असतील, तर नाव मिळण्याची आशा अधिक.

देवस्थानाची जमीन व तीर्थक्षेत्रे

पुजारी, गुरव, वाजंत्री इत्यादी सेवेकऱ्यांच्या घराण्यांना आणखी एक मार्ग आहे. निजामाच्या काळी इनामाची चौकशी अतियात खात्याकडे होई व निर्णयाचा मुंतखब निघे. इनामदार वारल्यावर वारसांची पुन्हा चौकशी होई, व तीत वंशावळ जोडलेली असे. १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याखालीही अशी प्रकरणे चालली. संस्थानाचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागारात आहे. कर्नाटक पुराभिलेख खात्याचे विभागीय कार्यालय कलबुर्गीस आहे.

शासकीय कागद जेथे संपतो तेथे तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या सुरू होतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथे आपले कोणी गेले असल्यास नाव-गाव लिहिलेले असते. तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या चोपड्या व बैल घेऊन फिरणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळ्याही पाहाव्यात. त्या श्रद्धेने जपलेल्या आहेत. तथापि कचेरीत त्यांना पूरक पुरावा इतकेच मोल मिळते, आणि काही वंशावळ्या थोर घराण्याशी नाते जोडून देतात, हेही लक्षात असावे.

कर्नाटकात नाडकचेरीतून वंशवृक्षाचा दाखला मिळतो. तो अर्जदाराच्या जबाबावर व स्थानिक चौकशीवर अवलंबून असतो. त्यात बहिणीचे नाव गाळण्याचा प्रकार घडतो. देवाच्या दारी येणाऱ्यांनी तरी तो करू नये. असा दाखला न्यायालयात टिकतही नाही.

शेवटी एक विनंती. घर पाडताना वा दिवाळीची साफसफाई करताना निघालेले मोडी-उर्दू कागद पवित्र म्हणून मांजरा नदीत सोडले जातात. ते न सोडता कार्यालयात आणावेत. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. छायाप्रत काढून त्याच दिवशी परत केला जातो. देवस्थानच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांतील देणगीदार व मानकऱ्यांची नावे पाहावयाची असल्यास आपले गाव, माहीत असलेल्या सर्वांत जुन्या पूर्वजाचे नाव व शेताचा सर्व्हे नंबर कागदावर लिहून आणावा. घरात ऐंशीच्या पुढील कोणी असल्यास त्यांना विचारूनच यावे, व शक्य झाल्यास त्यांना बरोबर आणावे.