अध्ययन अक्षमता आणि कॉलेज: अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी का?

बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन (डिस्लेक्सिया), लेखन (डिसग्राफिया) किंवा गणित (डिसकॅल्क्युलिया) सतत अवघड जात असेल, तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. हा आळस नव्हे. ती वयाबरोबर आपोआप जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे.

कॉलेजमध्ये त्रास का वाढतो?
राणीसावरगावसारख्या गावातली मुले बारावीनंतर परभणी किंवा नांदेडला शिकायला जातात. ओळखीचे शिक्षक आणि घरी धडा वाचून दाखवणारे माणूस मागे राहते. इंग्रजी पुस्तके आणि भराभर उतरवून घ्यायच्या नोट्स समोर येतात. मग काही मुले तासांना जाणे टाळतात.

प्रमाणपत्राचे वय
केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. १८ व्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. शाळेतला जुना कागद घेऊन प्रवेशाला गेल्यास अडचण येऊ शकते, म्हणून आधीच तयारी करा.

कोणत्या तपासण्या लागतात?
• आधी डोळे आणि कान. हे जवळच्या सरकारी रुग्णालयात करून घ्या.
• मग मानसशास्त्रज्ञांकडून बुद्ध्यांक आणि वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या.

एमआरआय, ईईजी किंवा रक्त तपासून हे निदान होत नाही. फिट येणे यांसारखी वेगळी लक्षणे नसतील तर त्यावर पैसे घालवू नका. ‘मेंदूच्या टॉनिक’चाही उपयोग नाही.

यूडीआयडी पोर्टलवर अर्ज भरा. परभणीला फेरी मारण्याआधी जिल्हा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ कोणत्या दिवशी भेटतात ते विचारा. जुने प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि वह्या सोबत न्या.

काय मिळते?
• लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक.
• अक्षमता ४० टक्के किंवा अधिक असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आरक्षण.

४० टक्क्यांपेक्षा कमी असले तरी केवळ त्या कारणाने लेखनिक नाकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?
झोप उडाली, मूल एकटे राहू लागले किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर निकालाची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. टेली-मानस १४४१६ ही मोफत सेवा दिवसरात्र सुरू असते.