रात्र, किनारा आणि पट्टेरी बास

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेनपासून न्यू जर्सीपर्यंत, लाटांत उभे राहून गळ टाकणाऱ्यांचे एक निरीक्षण फार जुने आहे: मोठा पट्टेरी बास रात्री लागतो. त्याची कारणे मात्र बहुधा अर्धवट सांगितली जातात. रात्री मासा भुकेला असतो, रात्री त्याला दोर दिसत नाही, रात्री किनाऱ्यावर गर्दी नसते. या प्रत्येक म्हणण्यात काही तथ्य आहे, पण मूळ कारण यांपैकी एकही नव्हे. माझे प्रतिपादन असे की रात्र माशाची भूक वाढवत नाही; ती त्याचे किनाऱ्यापासूनचे अंतर कमी करते. कुठे उभे राहायचे, भरती कोणती धरायची, आमिष कोणत्या रंगाचे आणि किती हळू ओढायचे, दिवा का लावायचा नाही, हे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात. जे निघत नाहीत ते नियम नव्हेत, नुसत्या सवयी होत.

आधी माशाविषयी. शास्त्रीय नाव मोरोनी सॅक्सॅटिलिस. चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. जन्म गोड्या पाण्यात, वाढ समुद्रात. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या, हडसन आणि डेलावेअर ही त्याची मुख्य प्रजननस्थाने; त्यांतही किनाऱ्यावर दिसणाऱ्या माशांपैकी सर्वांत मोठा वाटा चेसापीकचा. रायगडच्या खाड्यांतला जिताडा ज्यांना माहीत आहे त्यांनी त्याचा क्रम उलटा करून पाहावा: जिताडा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले आत गोड्या पाण्याकडे चढतात; बास नदीत वर जाऊन अंडी घालतो आणि वाढीला समुद्रावर येतो. वसंतात अंडी घालून झाली की मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला मॅसॅच्युसेट्स आणि मेनकडे सरकतात आणि शरदात त्याच वाटेने दक्षिणेला परततात. या लांबच्या प्रवासात माद्यांचे प्रमाण अधिक असते, आणि खरोखर मोठा मासा जवळजवळ नेहमी मादीच निघतो. गळ टाकणाऱ्याचा हंगाम म्हणजे या येण्या-जाण्याचे मे ते नोव्हेंबर हे महिने.

आता मुख्य प्रश्न. एवढा मोठा मासा गुडघाभर पाण्यात येतो कशासाठी? कारण त्याचे अन्न तिथे असते. वाळूत घुसून बसणारे सँड ईल, चमचमणारे सिल्व्हरसाइड, शरदात खाड्यांतून बाहेर पडणारी बोय, मेनहेडन, खेकडे. यांतले बरेच जीव उथळ पाण्याच्या आश्रयाने राहतात. दिवसा हा आश्रय खरा असतो. स्वच्छ उथळ पाण्यात मोठा शिकारी लांबून दिसतो, थवा एकसंध राहतो, क्षणात दिशा बदलतो आणि पाठलाग महाग पडतो. पण थव्याची ही एकजूट डोळ्यांवर चालते. प्रकाश एका मर्यादेखाली गेला की शेजारचा मासा दिसेनासा होतो आणि थवा सैल पडतो. नेमक्या याच उजेडात बासचा डोळा काम देतो.

डोळ्याच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. शंकुपेशी भरपूर उजेडात रंग आणि बारकावे टिपतात, दंडपेशी अंधूक प्रकाशात आकार ओळखतात. अंधारात पाहायचे तर डोळ्याला प्रकाश अधिक वेळ साठवावा लागतो. म्हणून संवेदनशील डोळा संथ असतो. बासचे डोळे या सौद्यात संवेदनशीलतेच्या बाजूला झुकलेले आहेत. शिवाय अंगावरची पार्श्वरेषा आहे. या रेषेतल्या संवेदी पेशींना पाण्यातली हालचाल जाणवते, त्यामुळे जवळच्या भक्ष्याचा माग डोळ्यांशिवायही लागतो. या दोन्हींच्या आधारे बास काळोखात वाळूचा दांडा ओलांडतो आणि दिवसा ज्या पाण्यात मुले पाय बुडवून खेळत होती तिथे शिकार करतो.

येथे पूर्वपक्ष असा मांडता येईल: केप कॉड कालव्यावर भर सकाळी अजस्र बास लागतात, माँटॉकच्या किनाऱ्यावर शरदात दुपारच्या उन्हात माशांच्या झुंबडीने पाणी उकळल्यासारखे होते, मग रात्रीचा एवढा आग्रह कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो प्रतिपादनाला बळकटीच देतो. कालवा सुमारे १४६ मीटर रुंद आणि मध्ये १० मीटर खोल आहे. दोन बाजूंच्या उपसागरांतल्या भरतीच्या फरकाने त्यात जोराचा प्रवाह वाहतो आणि काठापासून थोड्याच अंतरावर खोल पाणी लागते. माँटॉकला मेनहेडन किंवा इतर लहान माशांचे थवे किनाऱ्याशी कोंडले जातात. दोन्ही ठिकाणी अंतर कमी करण्याचे काम दुसऱ्याच कुणीतरी केलेले आहे. साध्या वाळूच्या किनाऱ्यावर ते काम करायला अंधाराशिवाय कोणी नसते.

वाळूचा किनारा वाचणे हे या विद्येचे हृदय आहे, म्हणून इथे थोडे थांबू. किनाऱ्यापासून काही अंतरावर वाळूचा दांडा असतो. येणारी लाट त्याच्यावर प्रथम फुटते. दांडा आणि पुळण यांच्यामध्ये चर असतो. लाटांनी दांड्यावरून आत ढकललेले पाणी या चरात साठते, किनाऱ्याला समांतर वाहू लागते, आणि दांड्यात जिथे खिंड असेल तिथून जोराने समुद्रात परत जाते. पोहणाऱ्याला जिवावर बेतणारा हाच परतीचा प्रवाह बासच्या दृष्टीने वाढलेले ताट आहे: चरातले सगळे लहान जीव इथूनच बाहेर ओढले जातात. बास खिंडीच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहून येणारे टिपतो.

हे सारे रात्री दिसत नाही. म्हणून रात्रीच्या मासेमारीचा निम्मा भाग दुपारच्या ओहोटीला पार पडतो. पाणी उतरले की उंचावरून पाहावे: लाट जिथे लांबूनच पांढरी होते तिथे दांडा, जिथे न फुटता गडद राहते तिथे खिंड. किनाऱ्यावर येऊन चराच्या दोन्ही टोकांची जागा एखाद्या टेकाडाशी, कुंपणाशी, लांबच्या घराच्या छपराशी जुळवून ठेवावी. अंधारात आकाशाच्या पार्श्वभूमीवर एवढ्याच खुणा उरतात. वादळानंतर दांडे सरकतात, म्हणून गेल्या महिन्याची माहिती या महिन्यात जशीच्या तशी लागू पडत नाही.

प्रतिपादनाचा पहिला व्यावहारिक निष्कर्ष इथे येतो आणि तो नवशिक्याला सर्वांत अवघड जातो: लांब फेकू नका. दहा फुटी रॉड हातात असला की माणसाला क्षितिजाकडे फेकावेसे वाटते. पण रात्री मासा दांड्याच्या अलीकडे, चरात, कित्येकदा लाट वाळूवर आपटते त्या शेवटच्या कडेला असतो. कारण तिथे कोसळणारी लाट वाळू उकरून खेकडे आणि सँड ईल उघडे पाडते. म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी कोरड्या वाळूवरूनच पहिल्या काही फेकी कराव्यात, आणि त्याही किनाऱ्याला जवळजवळ समांतर. थेट कमरेपर्यंत आत शिरणारा मनुष्य माशांच्या जागेवरच उभा राहून त्यांच्या पलीकडे गळ टाकत असतो.

दुसरा निष्कर्ष भरतीविषयी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमुक भरतीच चांगली असा सरसकट नियम नाही. प्रश्न एवढाच असतो की या विशिष्ट चरात पुरेसे पाणी आणि पुरेसा ओघ एकाच वेळी केव्हा असतो. सपाट पुळणीवर तो वेळ भरतीच्या आगेमागे येतो. खाडीच्या मुखाशी ओहोटी लागल्यावर, कारण तेव्हा आतले अन्न बाहेर वाहते.

चंद्राबद्दल हौशी मासेमारांत कडाक्याचे मतभेद आहेत, आणि त्यांतला बराच गोंधळ दोन कारणे एकत्र धरल्याने होतो. उधाण अमावास्येलाही येते आणि पौर्णिमेलाही. ओघाचा जोर दोन्ही वेळी जवळपास सारखा, उजेड मात्र नेमका उलट. तेव्हा या दोन पर्वांची तुलना केली तर उजेडाचा परिणाम ओघापासून वेगळा काढता येतो. माझे मत असे: स्वच्छ, उथळ, वाळूच्या पाण्यात काळोखी रात्र स्पष्टपणे सरस; खडकाळ, फेसाळ, ढवळलेल्या पाण्यात फरक फार उरत नाही. पुलांखाली तर हे एका नजरेत दिसते. पुलावरच्या दिव्यांमुळे पाण्यावर उजेड आणि सावली यांची सरळ रेघ पडते; बास सावलीच्या बाजूला, रेघेला लागून, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि उजेडातून वाहत येणाऱ्या माशावर झडप घालतो. काळोखी रात्रही कधी उलटते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्यातले सूक्ष्मजीव हालचालीने चमकू लागतात. कोकणात लाटा निळसर पेटलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. अशा पाण्यात दोर आणि आमिष दोन्ही प्रकाशाची रेघ ओढत येतात, आणि मासा बहुधा पाठ फिरवतो.

आमिषाचे तर्कशास्त्र डोळ्याच्या वर्णनातूनच येते. मासा खालून वर पाहतो. त्याच्या लेखी पृष्ठभाग, नुसत्या चांदण्यातही, खालच्या पाण्यापेक्षा उजळ असतो. त्यावर जो आकार सर्वांत ठळक उमटतो तो काळ्याचा. म्हणून रात्रीसाठी काळा प्लग, म्हणजे बनावट माशाचे आमिष, हे वरवर उलटे वाटणारे सूत्र. नीडलफिश हा प्लग म्हणजे जवळजवळ सरळ लाकडी कांडी. तिला ना पाणी कापणारी ओठाची पट्टी, ना वळवळ. दुकानात पाहिली तर हिला कोणता मासा फसेल असे वाटते. पण सँड ईलची बाह्याकृती आणि संथ सरळ चाल यांच्याशी ती तंतोतंत जुळते. तिथेच वेगाचे उत्तर मिळते: संथ डोळ्याच्या शिकाऱ्यासाठी संथ आमिष. रीलच्या एका फेरीला दोन-तीन सेकंद द्यावेत. दोर ताठ राहील, प्रवाहाचा दाब हाताला जाणवेल, एवढेच. पुष्कळदा ओढणे थांबवून प्रवाहालाच आमिष खिंडीच्या तोंडावरून झुलवत नेऊ द्यावे. आणि जिवंत ईल, आपल्या वामसारखा लांबट मासा, हे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत खात्रीचे आमिष. ईल स्वतः निशाचर आहे आणि शरदातल्या काळोख्या रात्रींतच नद्यांतून सारगासो समुद्राकडे निघतो. म्हणजे त्या ऋतूत, त्या वेळी, त्या जागी बासला त्याची अपेक्षाच असते.

साधनांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. नऊ ते अकरा फुटी रॉड, पाणी आत न शिरणारे रील, विणलेला दोर, पुढे गळाजवळ जाड दोराचा तुकडा, म्हणजे लीडर. दिवा मात्र तांबडा हवा आणि पाण्यावर कधीही पडू नये. माणसाच्या डोळ्याला अंधाराशी पूर्ण जुळायला सुमारे अर्धा तास लागतो, तो पांढऱ्या दिव्याने क्षणात वाया जातो. ज्या जुळलेल्या नजरेने फेसाची रेघ दिसते तीच नजर मागून येणारी मोठी लाटही दाखवते.

ती लाट दिसायलाच हवी, कारण रात्र माणसाचा अंतराचा अंदाज बिघडवते. येत्या भरतीला दांड्यावर जाऊन उभे राहणे ही इथली सर्वांत घातक चूक: पायांखालचे पाणी तेवढेच वाटते आणि मागचा चर तेवढ्यात भरून गेलेला असतो. वेडर्सवर, म्हणजे पाण्यात उभे राहण्याच्या जलरोधक पोशाखावर, घट्ट पट्टा, खडकावर खिळ्यांचे बूट, आणि सोबतीला माणूस, यांत तडजोड नको. एक गाजलेली कथा मात्र उलटा मोह पाडते. अटलांटिक सिटीच्या धक्क्यावर २१ सप्टेंबर १९८२ च्या रात्री ईशान्येच्या वादळात अल मॅकरेनॉल्ड्स यांनी ७८ पौंड ८ औंसांचा, म्हणजे साडेपस्तीस किलोंच्या वरचा विक्रमी बास काढला. २०११ मध्ये कनेक्टिकटजवळ होडीतून धरलेल्या ८१ पौंड १४ औंसांच्या माशाने तो विक्रम मोडला, पण किनाऱ्यावरून धरलेल्या माशांत त्या रात्रीचे नाव अजून घेतले जाते. त्या कथेतले वादळ अनुकरणासाठी नाही, हे मात्र दर वेळी सांगावे लागते.

मासा जवळ येतो याची दुसरी बाजू अशी की तो सहज सापडतो. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्येच कॉड आणि बास शेतात खत म्हणून घालायला मनाई केली होती. तरी १९७० च्या दशकाअखेर हा मासा कोसळला. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला, मेरिलंडने १९८५ ते १९९० मासेमारी पूर्ण बंद ठेवली, आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचे जाहीर झाले. आज पुन्हा चिंता आहे. मेरिलंड १९५४ पासून चेसापीकमधल्या त्या वर्षीच्या पिल्लांची मोजणी करते. २०१९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वर्षे आकडा सरासरीच्या खूप खाली राहिला. २०२३ पासून समुद्रकिनाऱ्यावर माणशी दिवसाला एकच मासा, तोही २८ ते ३१ इंच लांबीचाच ठेवता येतो.

हौशी मासेमार जे बास पकडतात त्यांतले दहापैकी नऊ सोडून देतात. सोडलेल्यांपैकी ९ टक्के नंतर मरतात असे साठ्याच्या हिशेबात धरले जाते. म्हणून अलीकडच्या काही वर्षांत घरी नेलेले मासे आणि सोडून मेलेले मासे यांचे आकडे जवळजवळ बरोबरीत आले. म्हणजे सोडण्याचे कसब हे धरण्याच्या कसबाइतकेच साठ्यावर परिणाम करते. नैसर्गिक आमिष लावायचे तर गोल वळणाचा गळ २०२१ पासून सक्तीचा आहे, कारण तो पोटात न अडकता जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. प्लगवरचे तिहेरी गळ काढून काटे दाबलेला एकेरी गळ लावावा. अंधारात तो माशाच्या तोंडातून आणि आपल्या बोटातूनही लवकर निघतो. ऑगस्टच्या कोमट पाण्यात मासा फार दमवू नये, वाळूत लोळवू नये, जबड्याने उभा टांगू नये. रॉडच्या दांड्यावर २८ आणि ३१ इंचांवर दोरा गुंडाळून दोन गाठी माराव्यात. मासा पाण्याच्या कडेलाच ठेवून रॉड त्याच्या अंगालगत धरायचा आणि अंगठ्याने गाठ चाचपायची. शेपूट दुसऱ्या गाठीच्या पलीकडे गेली तर ती बहुधा मादी असते, पुढच्या एप्रिलमध्ये एखाद्या नदीत लाखो अंडी घालण्याच्या वयाची. तिला लाटेकडे तोंड करून धरावे आणि शेपटीचा जोर हाताला लागेपर्यंत सोडू नये.