धुरावरून प्लास्टिक

डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचे आवडते उदाहरण. मायक्रोप्लास्टिक शोधणारे एक यंत्र याच्याही पुढे जाते. ते धुरावरून जळण कोणते होते, हे सांगते.

या युक्तीचे मूळ रबरात आहे. १८६० मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स या ब्रिटिश रसायनज्ञाने रबर तापवले, वाफ थंड केली आणि त्यातून आयसोप्रीन वेगळे काढले. रबराचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी, ही कल्पना जर्मन रसायनज्ञ श्टाउडिंगरने मांडली ती १९२० मध्ये. म्हणजे साखळीचा पत्ता लागण्याआधी साठ वर्षे तिची कडी हाती आली होती!

अशा सूक्ष्म कणांचे वजन करणारे यंत्र, मास स्पेक्ट्रोग्राफ, ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲस्टनने केंब्रिजमध्ये १९१९ साली बांधले. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या डाऊ कंपनीत गोल्के आणि मॅकलॅफर्टी यांनी मास स्पेक्ट्रोमीटरला गॅस क्रोमॅटोग्राफ जोडला: आधी वाफा वेगळ्या करायच्या, मग एकेक तोलायची. वाफ ओळखली की मूळ पदार्थ कळतो: पॉलिस्टायरीन तापवले की स्टायरीन निघते, पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ.

१९७६ मध्ये या दोन यंत्रांची जोडगोळी व्हायकिंग यानांतून थेट मंगळावर गेली. तिथली माती तापवल्यावर क्लोरीनयुक्त वाफा मिळाल्या. पृथ्वीवर यान धुताना वापरलेल्या द्रावकांचा हा अंश, असे ठरवून विषय मिटवला गेला. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्लोरीनयुक्त क्षार सापडले आणि शंका आली, की त्या वाफा माती तापवणाऱ्या भट्टीतच तर तयार झाल्या नसतील? वाफ खरी असूनही तिचे कूळ चुकू शकते.

हाच दोष घेऊन ही पद्धत आपल्या शरीरापर्यंत आली आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २२ जणांचे रक्त तपासले, १७ जणांत प्लास्टिक सापडले. भट्टीत कण नाहीसे होतात, त्यामुळे किती कण, केवढे, हे कळत नाही. मिळते ते एकूण वजन. पण पॉलिथिलीन तुटल्यावर जे हायड्रोकार्बन निघतात, तसेच चरबी तापवल्यावरही निघतात. मेंदूत तर चरबीच चरबी. २०२५ मध्ये मेंदूतल्या प्लास्टिकचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा इतर शास्त्रज्ञांनी नेमका यावरच आक्षेप घेतला.

तेव्हा अशी बातमी वाचाल, तर आकड्याआधी दोन गोष्टी शोधा: नमुन्यातली चरबी नीट काढली होती का, आणि बाहेरून मिसळलेले प्लास्टिक ओळखण्यासाठी सोबत कोरा नमुना तपासला होता का.