रंग आणि गाठ

रंगाचा आणि कर्करोगाचा संबंध आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना वेगळ्या वाटेने कळला. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी दाखवून दिले, की फुक्सिन रंग बनविणाऱ्या मजुरांच्या मूत्राशयात गाठी होतात. त्याच जर्मनीत १८७१ साली आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य तयार केले होते. मिनेसोटाचे जॉर्ज मूर यांनी १९४८ च्या सुमारास ते रोग्याच्या शिरेत सोडले, तेव्हा अतिनील प्रकाशात मेंदूतली गाठ चमकू लागली.

ही कड दिसणे का मोलाचे? जास्त कापावे तर माणसाची वाचा जाते. कमी कापावे तर रोग मागे राहतो.

पुढे जर्मनीतलेच वाल्टर श्टुमर यांनी शस्त्रक्रियेआधी काही तास रोग्याला एक द्रव पाजला. त्यापासून गाठीच्या पेशी स्वतःच पोर्फिरिन बनवितात आणि निळ्या उजेडात लाल दिसतात. २००६ साली ३२२ रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. या उजेडात शेकडा ६५ जणांची दिसणारी गाठ पुरती निघाली, नेहमीच्या दिव्याखाली ३६ जणांची. आयुष्य मात्र त्या मानाने वाढलेले आढळले नाही. हे मुद्दाम सांगतो. पदरात पडले त्याहून अधिक सांगण्याची खोड आम्हां पुढाऱ्यांनाही असते.

आता याच कुळातले द्रव्य मूत्राशयात सोडून, दुर्बिणीतून निळा उजेड टाकून तिथल्या गाठी शोधतात. रंगखात्यातल्या मजुराला ही गाठ उमटायला पुष्कळदा वीस वर्षे लागतात. तोवर त्याचे नाव हजेरीपटावरून गेलेले असते.