सांत आंतोनीची ओवी

पादुआच्या संत आंतोनीला मोरोक्कोत मरण हवे होते. १२२० साली तिथे मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन साधूंच्या अस्थी पोर्तुगालात कुइंब्राला आल्या आणि हा लिस्बनचा तरुण पेटून उठला. पंथ बदलला, नाव बदलले, मोरोक्को गाठले आणि तिथे तापाने आडवा झाला. परतीचे जहाज वादळाने सिसिलीला नेऊन सोडले. हुतात्मा व्हायला निघालेला माणूस इटलीत प्रवचनकार झाला, तो असा.

त्याच मोरोक्कोतल्या माझागाओं या पोर्तुगीज ठाण्यात १५९८ साली आंतोनियु द साल्दाञ जन्मला. तो शिपाई म्हणून गोव्यात आला, जेजुइट झाला, साष्टीत राहिला आणि आपल्या नावाच्या या संताची ‘जीवित्वकथा’ त्याने रचली. हे पुस्तक १६५५ साली छापले गेले. लिपी रोमन, पण आत कोकणी गद्य आणि मराठी ओवी! हा योग हाती लागल्यापासून एकच प्रश्न मी धरून बसलो आहे : ख्रिस्ती संताच्या चरित्राला ओवी दिली कोणी?

काही अभ्यासक ‘फ्लॉस सांक्तोरुम’कडे, म्हणजे युरोपातल्या संतचरित्रांच्या संग्रहाकडे बोट दाखवतात. कथानकापुरते ते खरे आहे. पण त्या संग्रहातून घटना मिळतात, तीन चरणांचे यमक आणि चौथा आखूड चरण मिळत नाही. दुसरे मत असे, की परमुलखात देशी वेष घ्यायचा हे जेजुइटांचे धोरणच होते; मदुराईत दे नोबिलींनी तेच केले. हे मत अधिक वजनदार आहे. तरी मला ते अपुरे वाटते, कारण त्यात ऐकणारा माणूस कुठेच नाही.

गोव्यात ओवी पाद्र्यांच्या आधीची. केळशीच्या कृष्णदास शामाने कृष्णचरित्र १५२६ साली रचले. पुढे दिवाडी बेटावरून मराठी पोथ्या जप्त करून नेल्या गेल्या. नव्या ख्रिस्ती घरांतली पुराणे गेली, पण संध्याकाळी बसून कथा ऐकायची सवय कुठे जाणार? जेजुइट थॉमस स्टीफन्सच्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’तच ही मागणी आली आहे. जुनी पुराणे बंद केलीत, आता त्यांच्या जागी आम्हांला काहीतरी द्या, असे तिथला श्रोता पाद्र्याला विनवतो. मला हा कवीचा नुसता अलंकार वाटत नाही. ते पुराण १६१६ साली छापले, मग १६४९ला आणि पुन्हा १६५४ला. मागणीवाचून मोठा ग्रंथ तीनदा कोण छापतो? साल्दाञची ‘जीवित्वकथा’ तिसऱ्या छपाईच्या पुढच्याच वर्षी आली.

आंतोनीची निवडही मला श्रोत्यांचीच दिसते. तो फ्रान्सिस्कनांचा संत. जेजुइटाने त्याच्यासाठी लेखणी झिजवायचे कारण निव्वळ नावातले साम्य कसे असेल? लोकांनी त्याला आधीच आपलासा केला होता. पेडण्याहून शापोरा नदी ओलांडली की शिवोली. तिथल्या इगर्जीत सांत आंतोनच्या हाती दोरीने बांधलेला साप आहे. बांधकामावर येऊन कामगारांना भिववणारा साप मूर्ती ठेवल्यावर सकाळी त्या दोरीत अडकलेला सापडला, अशी कथा. लिस्बनला किंवा पादुआला ही कथा सुचली नसती. वारुळाला सातेरी म्हणून हात जोडणाऱ्या मुलखात सापाला मारायचे नसते, आवरायचे असते. शिवोलीच्या कथेचे मूळ मी तिथेच धरतो.

आणि चरित्र तरी कसे! एक नवशिका साधू मठ सोडून पळाला, जाताना आंतोनीची स्तोत्रांची पोथी घेऊन गेला. छपाईच्या आधीचा तो काळ. पोथी हाताने लिहिलेली, समासात स्वतःची टिपणे. आंतोनीने प्रार्थना केली. पोरगा पोथी घेऊन परत आला, आणि मठातही परतला. हरवलेल्या वस्तूसाठी सांत आंतोनला आंगवण घालण्याची रीत या प्रसंगातून आली. भाविकाला बळ मिळते ते इथे : ज्ञानी प्रवचनकाराचाही जीव एका पोथीत अडकला होता, आणि पोथीबरोबर माणूसही सापडला. १३ जून १२३१ रोजी तो वारला. वर्षही उलटायच्या आत रोमने त्याला संत ठरवले.

साल्दाञच्या ओव्यांचा पुढचा प्रवास मात्र डिचोलीतल्या आमच्या सर्वण गावापर्यंत पोचलाच नाही. डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून देशी बोली सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज बोला, असे बजावले आणि दक्षिणेकडच्या इगर्जींतली ओवी ओसरू लागली. डिचोली १७८१-८२च्या सुमारास पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. तोवर इकडे देवळांच्या चौकांत पोथ्या लागत होत्या, पुढेही लागत राहिल्या. म्हणून आमच्याकडे ओवी म्हटली की कृष्ण आणि राम आठवतात, आंतोनी आठवत नाही.

विसाव्या शतकात प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी साल्दाञची रचना देवनागरीत आणली. आता ती वाचायला रोमन लिपीची अडचण नाही. पोथी लावणाऱ्या कुणी तिचे चार चरण नेहमीच्या चालीवर म्हणून पाहावेत; चाल बदलावी लागणार नाही, असे मी पैजेवर सांगतो.